कॉकपिटच्या दाराला दुसरा अडसर: जुन्या विमानांना सूट का?

हडसनकाठ

अमेरिकी काँग्रेसने २०१८ साली कायदा केला की यापुढे कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक प्रवासी विमानात कॉकपिटच्या दारासमोर दुसरा अडसर हवा. वर्षभरात आदेश काढा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. तिथल्या नागरी विमानवाहतूक नियामकाने, म्हणजे एफएएने, अंतिम नियम काढला तो जून २०२३ मध्ये. वर कंपन्यांना तयारीला दोन वर्षं. ती ऑगस्ट २०२५ मध्ये संपत आली तशी विमान कंपन्यांची संघटना आणखी दोन वर्षं मागायला गेली आणि ३१ जुलै २०२६ पर्यंतची सवलत घेऊन परतली.

आणि हे सगळं नव्या विमानांचं. जी हजारो विमानं आज रोज उडतायत, ज्यांत तुम्ही-आम्ही बसतो, त्यांच्यासाठी २०२४ च्या कायद्यात समिती नेमायला आणि तीन वर्षांत नियम करायला सांगितलंय. एका वर्षाच्या कामाला पाच वर्षं लावणाऱ्यांची तीन वर्षं म्हणजे किती, ते तुम्हीच बघा.

अडसर म्हणजे काय, ते थोडक्यात. आपल्याकडे फ्लॅटला लाकडी दाराबाहेर जाळीचं सेफ्टी डोअर असतं, साधारण तसंच. कॉकपिटचं दार उघडायच्या आधी हे ओढून लावायचं, काम झालं की घडी करून बाजूला. नियमातल्या अपेक्षा माफक आहेत: धावून येणाऱ्या माणसाला निदान पाच सेकंद थोपवायचं, म्हणजे आतलं दार लावून घेता येईल, ६०० पौंडांचा रेटा सोसायचा, आणि पलीकडे काय चाललंय ते दिसलं पाहिजे.

गरज काय? ११ सप्टेंबरनंतर दोन-सव्वादोन महिन्यांत कायदा झाला, एप्रिल २००३ पर्यंत अमेरिकेतल्या प्रवासी विमानांना गोळीला दाद न देणारी दारं बसली. बंद असताना ते दार उत्तमच आहे. पण न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को सहा तासांच्या उड्डाणात वैमानिकाला लघवीला जावं लागतं, जेवण आत द्यावं लागतं. तेवढा वेळ दार उघडं. तेव्हा दार आणि दीडशे प्रवासी यांच्यामध्ये काय असतं? जेवणाची ट्रॉली आणि ती धरून उभी असलेली एक हवाई सुंदरी.

कायद्याला नाव दिलंय कॅप्टन व्हिक्टर सॅरासिनी यांचं. बोस्टनहून लॉस एंजेलिसला निघालेलं आणि जागतिक व्यापार केंद्राच्या दक्षिण मनोऱ्यावर आदळवलं गेलेलं युनायटेड १७५ त्यांच्या हाती होतं. त्यांच्या पत्नी एलन वर्षानुवर्षं वॉशिंग्टनला खेटे घालतायत. नव्या विमानामागे एफएएने धरलेला खर्च होता सुमारे ३५ हजार डॉलर. ज्या बोइंग ७३७ ची छापील किंमत दहा कोटी डॉलरच्या पुढे आहे, तिच्यासाठी हा खर्च जड म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

माझं मत सरळ आहे. जुन्या विमानांनाही सक्ती करा, तारीख घाला, मुदतवाढ देऊ नका. तुम्हाला काय वाटतं?

तिरकस

दाराच्या राखणीला दुसरं दार. दुसऱ्याच्या राखणीला कोण? तिसऱ्या दाराचा कायदा कधी मांडताय?

रॅचेट_पाना

धागाकर्ते, तळमळ पोचली, हिशेब पटला नाही. मी विमानांच्या देखभालीत आहे, तेव्हा जरा पाना हातात घेऊन बोलतो.

३५ हजार हा आकडा नव्या विमानाचा. कारखान्यात गॅली, म्हणजे खाण्यापिण्याची सोय असलेला विमानातला स्वयंपाकघराचा भाग, बसायच्या आधीच अडसराची जागा ठरलेली असते. जुन्या विमानात पुढचा भाग म्हणजे गॅली, शौचालय, क्रूची घडीची खुर्ची आणि पहिलं दार, हे सगळं चार पावलांत कोंबलेलं. प्रत्येक कंपनीने ते आपल्या सोयीने मांडलंय. एकाच कंपनीच्या ए३२० मध्ये सुद्धा दोन-तीन मांडण्या निघतात, कारण काही विमानं भाड्याची, काही दुसऱ्याकडून आलेली. प्रत्येक मांडणीला वेगळं डिझाइन, वेगळी चाचणी, वेगळी मंजुरी. ६०० पौंडांचा रेटा प्लॅस्टिकच्या पॅनेलवर सोडता येत नाही, तो थेट सांगाड्यापर्यंत न्यावा लागतो. म्हणजे पुढचा भाग उचकटा. विमान तितके दिवस हँगरमध्ये, आणि उभ्या विमानाचं नुकसान त्या ३५ हजारांत धरलेलं नाही.

दुसरं, बिघाड. काय बंद असताना उडायला चालतं याची एक यादी असते, आम्ही तिला एमईएल म्हणतो. अडसर त्या यादीत घातला, तर ‘तात्पुरता बंद’ अशी पट्टी लावून विमान उडत राहणार, मग सक्ती कसली? नाही घातला, तर एका बिजागरीसाठी १८० माणसं विमानतळावर झोपणार.

तिसरं, सुरक्षेच्या वस्तूचे स्वतःचेही गुण असतात, ते नंतर कळतात. ५ जानेवारी २०२४ ला पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्स ९ चा दरवाजाच्या जागेवरचा प्लग, म्हणजे ती जागा बंद करणारं झाकण, उडाला, आठवत असेल. त्या क्षणी आतला दाब गेला आणि कॉकपिटचं ते गोळीला दाद न देणारं दार धाडकन उघडलं. बिघाड नव्हता. दाब एकदम गेला तर उघडावं, असंच ते बनवलेलं होतं. पण उडवणाऱ्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं! वीस वर्षं बसवलेल्या दाराची ही गत.

नव्या विमानांना जरूर बसवा. जुनी दहा-पंधरा वर्षांत भंगारात जातीलच.

हडसनकाठ

@रॅचेट_पाना, ‘दहा-पंधरा वर्षांत जातीलच’ हे २००३ मध्येही म्हणता आलं असतं. तेव्हा मजबूत दारं जुन्या विमानांनाच बसवली ना? तीही दीड वर्षाच्या आत. तेव्हा गॅली काय वेगळी होती?

रॅचेट_पाना

तेव्हा दाराची चौकट आधीपासून होती, तीत दार बदललं. इथे चौकटच नाही. शिवाय तेव्हा सरकारने पैसे मोजले आणि धूर अजून विरायचा होता. त्या घाईत झालेल्या कामाबद्दल वर लिहिलंच आहे.

गॅलीतली

मी केबिन क्रूमध्ये होते, कंपनीचं नाव नको. इथे सगळे दाराबद्दल बोलतायत, म्हणून दारासमोर उभं राहणारीने बोलावं म्हटलं.

कॅप्टनला बाहेर यायचं असलं की इंटरकॉमवर फोन येतो. पुढचं शौचालय रिकामं आहे ना ते बघायचं. पडदा ओढायचा. ट्रॉली आडवी घालायची, ब्रेक लावायचा. एक जण आत जाते, एक जण ट्रॉलीपाशी केबिनकडे तोंड करून. आतून कॅमेऱ्यात किंवा भोकातून बघतात, मग दार उघडतं. परत जाताना हेच उलट. लांबच्या उड्डाणात असं कितीदा होतं, मोजत बसत नाही कोणी.

आता गंमत बघा. पडदा ओढला की पहिल्या रांगेतल्याला कळतं, दार उघडणार आहे. नेहमी फिरणाऱ्याला तर पाठ असतं. म्हणजे दार कधी उघडेल हे सांगणारी खूण आम्हीच देतो, आणि अडवायला काय? मी. उंची पाच फूट दोन इंच. ट्रॉलीला ब्रेक असतो, पण ती गालिच्यावर सरकते, आणि रिकामी असली तर एका हाताने फिरते. रॅचेटदादा, तुम्ही म्हणता अडसराची चाचणी करा, मंजुरी घ्या. ट्रॉलीने ६०० पौंड सोसायची चाचणी कोणी घेतलीय? ती जेवणाची ट्रॉली आहे. तिला आणि मला धरून सुरक्षाव्यवस्था म्हणायची, हा प्रकार वीस वर्षं चाललाय.

अडसर उड्डाण-उतरणीच्या वेळी घडीतच असतो, त्यामुळे विमान रिकामं करताना तो आड येईल ही भीती मला फारशी वाटत नाही. ट्रॉली मात्र अवेळी धक्का बसला की कुठेही जाते. गॅलीत भाजलेले, बोटं चिरडलेले लोक मी पाहिलेत.

कोथरूडचा_वारा

गॅलीतलीताईंना +१. हे सगळं प्रवाशाला कधी कळतच नाही.

ऱ्हाईनकाठचा

मी जर्मनीत, रूर भागात राहतो. इथून जवळच हाल्टर्न नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेची १६ मुलं आणि २ शिक्षक स्पेनहून परत येताना २४ मार्च २०१५ ला गेले. जर्मनविंग्ज ९५२५, बार्सिलोना ते ड्युसेलडॉर्फ, एकूण १५० माणसं.

त्या दिवशी दाराने आपलं काम चोख केलं. कॅप्टन शौचालयाला बाहेर आला. सहवैमानिकाने आत उंचीची चकती १०० फुटांवर फिरवली आणि विमान दहाएक मिनिटं शांतपणे फ्रान्समधल्या आल्प्सकडे खाली जात राहिलं. कॅप्टनने बेल वाजवली, इंटरकॉम केला, ठोठावलं, मग दारावर घाव घातले. आत कोणी बेशुद्ध पडलं तर बाहेरून उघडण्यासाठी एक आणीबाणीचा कोड असतो. पण आतला माणूस शुद्धीत असेल आणि त्याने बटण ‘लॉक’वर धरलं, तर तो कोड चालत नाही. मुद्दाम तसं केलंय, कारण हवाई सुंदरीच्या गळ्याला सुरी लावून कोड काढून घेता येतो. ११ सप्टेंबरच्या भीतीतून आलेली ही रचना.

ही एकच घटना नाही. २९ नोव्हेंबर २०१३ ला मोझांबिकच्या एलएएम कंपनीचं विमान नामिबियात असंच पाडलं गेलं, ३३ ठार. तिथे कॅप्टन आत आणि सहवैमानिक दार बडवत बाहेर. १७ फेब्रुवारी २०१४ ला इथिओपियन एअरलाइन्सच्या सहवैमानिकाने कॅप्टन बाहेर गेल्यावर कडी लावली आणि रोमला जाणारं विमान जिनिव्हाला नेलं. तिथे निदान सगळे वाचले. दाराने किती अपहरणं टळली हे कोणालाच मोजता येणार नाही. दाराबाहेर अडकलेले वैमानिक मात्र नावानिशी सांगता येतात.

आणि तुम्ही त्याच दारापुढे आणखी एक दार मागताय. धोका आत बसलाय, कायदा बाहेर बघतोय. फ्रेंच तपासात काय निघालं ते पाहा. त्या सहवैमानिकाला डॉक्टरांनी काम करायला अयोग्य ठरवलं होतं, चिठ्ठ्या त्याने कंपनीला दाखवल्याच नाहीत. आजार कळला की परवाना जातो, पगार जातो, प्रशिक्षणाचं कर्ज मात्र उरतं. असा नियम असला की माणूस लपवणारच. पैसे आणि काँग्रेसचा वेळ त्यावर घालवा.

हडसनकाठ

हाल्टर्नबद्दल वाचून कसंतरी झालं. पण ऱ्हाईनकाठचे, दोन वेगळ्या वस्तू एकत्र करू नका. जर्मनविंग्जमध्ये कॅप्टनला बाहेर ठेवलं ते आतून कडी लागणाऱ्या दाराने. हा अडसर आतून लागत नाही. तो केबिन क्रूच्या हातात असतो, आणि आतलं दार उघडं असतानाच वापरायचा असतो. त्याने वैमानिक बाहेर कोंडला जाऊच शकत नाही.

आणि तुमच्या दुखण्यावर युरोपने काय औषध काढलं? अपघातानंतर तीन दिवसांत शिफारस केली की कॉकपिटमध्ये कायम दोन जण हवेत; एक वैमानिक बाहेर गेला की केबिन क्रूमधलं कोणीतरी आत जाईल. अमेरिकेत हे आधीपासून होतंच. मग युरोपच्या नियामकाने २०१६ मध्ये ते सैल केलं आणि २०१७ मध्ये जर्मन कंपन्यांनी सोडून दिलं. कारण काय दिलं? दोन जण आत-बाहेर करणार म्हणजे दार जास्त वेळ उघडं, धोका वाढतो! म्हणजे अडसर नव्हता म्हणून दोन माणसांचा नियम गेला. बाहेर सेफ्टी डोअर असतं तर ही तक्रारच उरली नसती. तुमच्या हाल्टर्नसाठीसुद्धा मला अडसर हवाय.

ऱ्हाईनकाठचा

युक्तिवाद चांगला आहे, पण अर्धाच. दार उघडं राहणं हे एक कारण. दुसरं कारण वैमानिकांच्या संघटनेने सांगितलं होतं: ज्याला विमान पाडायचंच आहे त्याला शेजारी उभी केबिन क्रू कशी अडवणार? ऑक्टोबर २०२३ आठवा. एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या होरायझनच्या विमानात सुट्टीवरचा वैमानिक कॉकपिटमधल्या जादा खुर्चीवर बसला होता, त्याने दोन्ही इंजिनं बंद करायच्या दांड्या ओढायचा प्रयत्न केला. समोर दोन कसलेले वैमानिक होते म्हणून निभावलं. तो कुठलंही दार न फोडता आत होता, पाहुणा म्हणून.

तिरकस

मूळ प्रश्न लघवीचा आहे आणि चर्चा दहशतवादाची चाललीय. कॉकपिटच्या आत संडास द्या, जेवण डब्यातून न्या, दार उघडूच नका. कायदा एका ओळीचा.

रॅचेट_पाना

@तिरकस, विनोद म्हणून लिहिलंत, पण ७४७-४०० ला होतंच की. दाराच्या आत झोपायची जागा आणि शौचालय दोन्ही. जंबोला परवडतं. ७३७ मध्ये ते बसवायचं तर दार मागे सरकवावं लागेल आणि पुढच्या रांगेतल्या महागड्या खुर्च्या जातील. त्यावर कंपनी जे म्हणेल ते इथे लिहिता येणार नाही.

शेवटची_लोकल

एक वेगळी बाजू मांडते. तुम्ही सगळे कॉकपिट वाचवताय. केबिनचं काय?

५ सप्टेंबर १९८६. आपल्या सहारहून निघालेलं पॅन ॲम ७३ कराचीत उभं होतं. सुरक्षारक्षकांच्या वेषात चार बंदूकधारी चढले. नीरजा भनोतने कॉकपिटला इशारा दिला आणि वैमानिक छतातल्या झडपेतून दोराने उतरून निघून गेले. नियमाप्रमाणे बरोबरच, कारण वैमानिक नाही म्हणजे विमान उडवून नेता येत नाही. पण त्यानंतर सुमारे सतरा तास ते विमान कोणाच्या भरवशावर होतं? बाविशीतल्या मुलीच्या आणि तिच्या सहकाऱ्यांच्या. शेवटी गोळीबार झाला, वीसेक माणसं गेली, नीरजा मुलांना बाहेर काढताना गेली. अशोकचक्र मिळालं.

२००१ नंतर हाच विचार पक्का झाला. आता आतल्यांना शिकवलेलं असतं की केबिनमध्ये काहीही होवो, दार उघडायचं नाही. मला त्यातला तर्क कळतो. विमानाचं क्षेपणास्त्र झालं तर विमानातले आणि जमिनीवरचे दोन्ही मरतात. पण मग केबिनमध्ये राहिलेल्यांना कायद्याने काय दिलं? २००२ च्या कायद्याने अमेरिकी वैमानिकांना पिस्तूल बाळगायची मुभा दिली. (मार्च २००८ मध्ये डेन्व्हरहून शार्लटला जाताना एका वैमानिकाचं पिस्तूल कॉकपिटमध्येच सुटलं, विमानाच्या अंगाला भोक पडलं, तेही लक्षात ठेवा.) केबिन क्रूला स्वसंरक्षणाचे वर्ग वर्षानुवर्षं ऐच्छिक. यायचं तर या, सुट्टीत या.

हा अडसर त्याच माळेतला मणी आहे. सेफ्टी डोअर लागल्यावर गॅलीतलीताई कुठल्या बाजूला उभ्या असतील?

गॅलीतली

@शेवटची_लोकल, प्रश्न वर्मी लागला. उत्तर मांडणीवर आहे. काही ठिकाणी अडसराच्या आत, गॅलीच्या बाजूला. जागा नसेल तिथे बाहेर. बाहेर असले तरी मला तो हवा, कारण आज धावत येणाऱ्याला दाराकडे जायचं तर माझ्यावरूनच जावं लागतं. अडसर लागला असला तर मला पाडून त्याला मिळणार काय?

आणि दार बंद राहण्यावर माझी तक्रार नाही. कंदाहार प्रकरणात, आयसी ८१४ मध्ये, ते लोक कॉकपिटमध्ये शिरले आणि मग विमान त्यांच्या मर्जीने अमृतसर, लाहोर, दुबई, कंदाहार फिरलं, आठ दिवस. दुबईपर्यंत पोचायच्या आत रूपिन कत्याल या प्रवाशाला मारलंही होतं. तेव्हाचं दार साधं होतं. दार उघडल्याने केबिन वाचते असं इतिहास सांगत नाही. प्रशिक्षणाचं मात्र शंभर टक्के खरं. आग विझवायला, बाळंतपण करायला शिकवलं. माणूस अंगावर आला तर काय, याला अर्धा दिवस.

कलम_बहाद्दर

थोडं आपल्याकडचं, कारण कोणीतरी विचारणारच. वरचा अमेरिकी नियम अमेरिकी कंपन्यांना लागू आहे. मुंबई-न्यूयॉर्क भारतीय कंपनीने गेलात तर त्या दाराशी त्याचा संबंध नाही. मजबूत दार जगभर सारखंच, कारण आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १ नोव्हेंबर २००३ पासून साठहून जास्त प्रवाशांच्या विमानांना ते बंधनकारक केलं.

आपल्या संसदेचा सगळा जोर शिक्षेवर. १९८२ चा अपहरणविरोधी कायदा जाऊन २०१६ चा आला, जुलै २०१७ पासून लागू झाला. जीव गेला तर फाशीपर्यंत शिक्षा, आणि नुसती खरी वाटेल अशी धमकीसुद्धा गुन्हा. पहिली शिक्षा कोणाला? मुंबईच्या एका व्यापाऱ्याला, ज्याने ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबई-दिल्ली विमानाच्या शौचालयात धमकीची चिठ्ठी ठेवल्याचा आरोप होता. २०१९ मध्ये अहमदाबादच्या न्यायालयाने जन्मठेप आणि पाच कोटी दंड दिला, २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने निर्दोष सोडला. एवढ्या कडक कायद्याच्या हाती पहिल्यांदा हे लागलं.

दाराचं म्हणाल, तर २०२३ मध्ये दुबई-दिल्ली विमानात वैमानिकाने मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसवलं म्हणून डीजीसीएने, म्हणजे आपल्याकडच्या विमानवाहतूक नियामकाने, एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळुरू-वाराणसी विमानात एक प्रवासी कॉकपिटच्या दाराशी गेला, शौचालय शोधत. बाकी गदारोळ बातम्यांनी केला.

माझं मत: भारतात अडसर बसला तर त्याचा रोजचा उपयोग पहिल्यांदा विमानात बसलेल्याला संडासाचं दार चुकू न देणं एवढाच असेल. तरी बसवावा. शिक्षेच्या कलमाने धावत येणारा माणूस थांबत नाही, तो आपण मरणार म्हणूनच आलेला असतो.

कोथरूडचा_वारा

मालवाहू विमानांचं कोणी बोललंच नाही. ७ एप्रिल १९९४ ला मेम्फिसहून निघालेल्या फेडेक्सच्या विमानात त्यांच्याच एका कर्मचाऱ्याने तिघा क्रूवर हातोड्यांनी हल्ला केला होता. जबर जखमी होऊनही त्यांनी विमान उतरवलं. या अडसराच्या नियमातून मालवाहू विमानं वगळलीत. वैमानिकच वर्षानुवर्षं त्यावर ओरडतायत.

रॅचेट_पाना

गॅलीतलीताईंचा ट्रॉलीचा मुद्दा मान्य. ट्रॉलीपेक्षा काहीही बरं. म्हणून मधला मार्ग सुचवतो. सरसकट सक्ती नको. ज्या विमानाची पुढची मोठी तपासणी, म्हणजे आतला सगळा भाग तसाही उचकटतात ती, जेव्हा येईल तेव्हा बसवा. आणि वीस वर्षांपुढची विमानं सोडून द्या. विमान मुद्दाम उभं करावं लागणार नाही, खर्च निम्म्यावर येईल.

हडसनकाठ

मोठ्या तपासणीबरोबर बसवा, हे मला चालेल. वीस वर्षांची अट नाही चालणार. तशी अट ठेवली की कंपन्या मुदतवाढ मागत राहणार आणि तेवढ्यात विमानं आपोआप विशीत जाणार. नव्या विमानांच्या बाबतीत हेच केलंय त्यांनी, दोनाचे तीन. अट घालायची तर नियम लागू होतो त्या दिवसाच्या वयावर घाला, मुदत संपते त्या दिवसाच्या नको.

ऱ्हाईनकाठचा

आणि त्याच कायद्यात वैमानिकाने स्वतःहून आजार सांगितला तर परवाना राखून उपचार, हे कलम घाला. मग माझंही मत तुमच्या बाजूने धरा.

तिरकस

म्हणजे आता अडसर, दोन माणसं, मनोविकारतज्ज्ञ आणि संडास. समिती तीन वर्षांत आटपणार म्हणता?

रॅचेट_पाना

वयाची अट लागू होण्याच्या दिवशी मोजा, हरकत नाही. पण एमईएलचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. उद्या एका वाकलेल्या बिजागरीपायी तुमचं पहाटेचं विमान रद्द झालं, तर ‘विमान कंपन्यांचा माज’ म्हणून इथे नवा धागा काढू नका म्हणजे झालं.

हडसनकाठ

काढणारच. पण त्यात बिजागरीचा सुटा भाग विमानतळावर का ठेवला नाही, असं विचारीन.